मांडवातला डोझर

...अन् वरून मलेच म्हनते, "तुळसा, तुले मशीनची कदर नाई!" कदर? मले? आता तुमीच सांगा बाप्पा, चौदा टनाचा डोझर माह्या आंगनात तिरपा बसलेला, त्याचं ब्लेड माह्या चुलीकडं, त्याचं धुराडं माह्या धुन्याच्या तारेखाली, पोरीचं लगन पाच हप्त्यावर, अन् कदर मी करू? कोनाची करू? त्या डोझरची का त्याच्या मालकाची?

थांबा, पयल्यापासून सांगते, नाईतर तुमी म्हनान ही बाई भांडत भांडतच आली. माह्या नवऱ्याले गावात सारे उकंडराव म्हनतात. मी नाव घेत नाई, लगनात उखान्यात एकडाव घेतलं तेवढं पुरे झालं, मी आपलं बुढा म्हनते. त आमच्या बुढ्यानं बावीस वर्साआधी कोन्या धरनाचं काम संपलं, तठल्या लिलावात हा डोझर घेतला. लोकं लिलावातून काय आनतात? खुर्च्या आनतात, कपाट आनतात, लय झालं त जुनी जीप आनतात. आमचा बुढा डोझरवर बसून आला! मंग काय, आमच्या जऊळक्याच्या चारी बाजूनं कोनाचं वावर सपाट करनं हाय, कोनाचा बांध टाकनं हाय, कोनाचं शेततळं हाय, बोलवा उकंडरावले. मी खोटं कायले बोलू, त्या मशीननं घर चालवलं आमचं. पन आता जो तो जेसीबी बोलावते, पोकलेन बोलावते, अन् आमच्याकडं नुसती इचारपूस येते, "कसा हाय डोझर? हाय ना अजून?" जसा काई घरात सासरा बिमार हाय!

अन् आमची राखी. एकच पोरगी. लगन जुळलं, कारंज्याकडचं पोरगं, ऋषिकेश, चांगलं हाय, खाली मान घालून बोलते. राखी म्हने, "आई, आपन हॉलमंदी करू ना, सारे तठीच करतात." मी म्हनलं, नाई! ज्या आंगनात तू रांगली, पडली, गुडघे फोडले, त्याच आंगनात मांडव पडन अन् त्याच आंगनातून तू जाशीन. बस, एवढी एकच हौस माही. सोनं नाई मागतलं मी, साडी नाई मागतली, आंगन मागतलं! आता त्या आंगनाले जरासा उतार होता, म्हनून मी बुढ्याले म्हनलं, दोन बाया लावा, पावडं मारा, मी सारवून घेते. त म्हनते कसा, "घरी डोझर असताना पावडं? लोकं हासतीन मले!"

लोकं हासले नाईत, लोकं पळाले! कोंबड्या पळाल्या, शेजारचं कुत्रं पळालं, माही जाऊ लुगडं सावरत पळाली, अन् बुढा वर बसून असा मिशीवर हात फिरवते जसा काई नवरदेव तोच हाय. पयला फेरा बरा झाला, दुसरा बरा झाला, तिसऱ्या फेऱ्याले मधोमध आला अन् कडाक! आता डोझरले चाकं नसतात, तुमाले माईतच असन, दोन बाजूले लोखंडाच्या दोन चेना असतात, त्याच्यावर ते धूड चालते. त डाव्या चेनच्या दोन कड्या फुटल्या, अन् ती चेन अशी नाडी सुटल्यावानी मांगं पसरली. बुढा खाली उतरला. चेनकडं पाह्यलं, आभाळाकडं पाह्यलं, माह्याकडं काई पाह्यलं नाई, अन् म्हने, "दोनच कड्या त हायत. भेटून जाईन."

भेटून जाईन म्हने! मी म्हनलं, तवरक बाजूले त करा ते. दोन ट्रॅक्टर लावले ओढाले. डोझर हालला नाई, ट्रॅक्टरचीच समोरची चाकं वर झाली, जसे काई नमस्कार करून राह्यले! वेल्डिंगवाला आनला. त्यानं जोड मारला, डोझर एक पाऊल चालला, पुन्हा कडाक. अन् त्या एका पावलात काय केलं? माह्या तुळशीचा ओटा फोडला. हे माह्या नावाचं झाड हो, मी रोज पानी घालते त्याले!

मंग बुढा गेला शेलूबाजारले, माणिकचंद शेठच्या दुकानात. ट्रॅक्टरचे पार्ट इकतात, चांगला मानूस हाय, पन बोलते असं जसं काई एकेक शब्द तराजूत घालून राह्यला. "उकंडराव... चेन भेटन... पन मॉडेल सांगा. मॉडेल नंबर. मशीनवर पितळी पट्टी राह्यते, त्याच्यावर राह्यते." बुढ्यानं मले फोन केला, "तुळसा, पट्टीवरचा नंबर वाच." मी गेली पाहाले. पट्टी कुठी हाय? आता तुमाले सांगते अन् तुमी हासू नका. दर दसऱ्याले मशीनची पूजा मीच करते. हळद, कुंकू, शेंदूर, तेल, अन् नारळ. नारळ फोडाले टनक अन् सपाट जागा पायजे का नाई? त सारी मशीन वाकडी-तिकडी, तेवढी एक पितळी पट्टीच सपाट! बावीस दसरे, बावीस नारळ, अन् वरून बुढा दर वर्सी पिवळा ऑइलपेंट मारते. खुरपं घेऊन अर्धा दिवस खरडलं मी, तवा दोन आकडे दिसले, तिसरा तीन हाय का आठ हाय ते देवालेच माईत, त्याचाच परसाद होता तो.

माणिकचंद शेठ फोनवर म्हनते, "वयनी... नारळ फोडाले... दुसरी जागा नव्हती?" मी म्हनलं, शेठजी, चौदा टनाच्या मशीनमंदी एकच नाजूक जागा असते, हे मले कोनी सांगतलं होतं का? तठी त्याईचा पोरगा मयंक होता, तो म्हने, "काका, टेन्शन नका घेऊ, मी मोबाईलवर पाहतो." पाह्यलं. तीन टाकून पाह्यलं, आठ टाकून पाह्यलं, अन् फोटो निघाला. हुबेहूब! तोच पिवळा रंग, तीच चेन. मागवली. बुढा घरी येऊन म्हनते, "पाह्य, भेटून जाईन म्हनलं होतं ना!" आठ दिवस आमी वाट पाहून राह्यलो, ती चेन उतरवाले बुढ्यानं गावातले सहा गडी सांगून ठेवले. पार्सल आलं. साबनाच्या वडीएवढं. उघडलं त रबराची चेन, माह्या मनगटात आली बरोब्बर! खेळन्याच्या डोझरची होती. मयंक म्हने, "काकू, मी फोटो मोठा करून पाह्यला, माप नाई पाह्यलं." सहा गडी आले होते, त्याईले चहा पाजून वापस लावलं.

लगन साडेतीन हप्त्यावर! पत्रिका छापून आल्या, त्याच्यावर लिवलेलं, स्थळ, आमचे राहते घर. राखी म्हने, "आई, खाली लिवायचं का, डोझरच्या बाजूले?" पोरगी बापावर गेली, तोंडानं नाई पन डोक्यानं.

मंग अकोल्याच्या भंगार बाजारात एक जन भेटला फोनवर. तो म्हने, "मॉडेल जाऊ द्या चाचा, कडी की लंबाई बोलो." बुढा म्हने, "एक वीत अन् तीन बोटं." "किसकी वीत, चाचा?" "माही!" "अरे चाचा, मैंने तुमको देखा नहीं, तुम्हारी वीत कैसे समझूँ?" झालं, बुढा निघाला अकोल्याले, वीत घिऊन! तठी भंगारवाल्यानं आपली वीत लावली, बुढ्यानं आपली लावली, दोघाईचं जमेना, मंग बाजूच्या चहावाल्याले पंच केलं, त्याची तिसरीच. शेवटी बुढ्याच्या वितीवर दोन कड्या ठरल्या. त्या कड्या पोत्यात टाकल्या अन् एसटीमंदी सीटवर ठेवून आनल्या. एक बाई म्हने, "काय हाय वो भाऊ पोत्यात, टरबूज? जरा सरकवा ना." तिनं आपल्याच हातानं सरकवाले पाह्यलं, त बाई सरकली, पोतं नाई सरकलं. कंडक्टर म्हने याचं तिकीट काढा. बुढा म्हने हे बसलेलं हाय, उभं राह्यलं त काढतो.

घरी आनल्या, लावून पाह्यल्या, बसेतच ना! काहून? त वेल्डिंगवाला म्हने, "मामा, चेन घासून घासून लांबली हाय. तुमी लांबलेलं माप नेलं. ह्या कड्या मोठ्या डोझरच्या हायत." पाहा बाप्पा! बावीस वर्सं राबराब राबलं त लोखंड लांबते. अन् मी तीस वर्सं राबली त मी आखूड झाली! माहं माप घेतलं का कोनी? मी बोलली तसं, त बुढा म्हनते, "तुये पार्ट भेटतात वं, याचे भेटत नाईत."

लगन दोन हप्त्यावर! मी जेवन सोडलं. दोन दिवस. तिसऱ्या दिवसी बुढ्याले याद आली, त्याच लिलावात याच्याच जोडीचा दुसरा डोझर पोहरादेवीकडच्या रामसिंगनं घेतला होता. याद कवा आली? दोन हप्ते राह्यले तवा! गेला त्याच्या तांड्यावर. रामसिंगचा डोझर कवाच भंगारात गेला होता, पन चेन होती. जशीच्या तशी! दोनी चेना! बुढ्याचा फोन आला, "तुळसा, भेटली वं! दिसून राह्यली मले! तिच्यावरून म्हैस चालली हाय!"

म्हैस? त रामसिंगनं काय केलं होतं, त्याच्या घरापुढून नाली जाते, त्या नालीवर दोनी चेना टाकून पूल केला होता. सारा तांडा त्याच्यावरून ये-जा करे. रामसिंग म्हने, "ने ना दादा, तुहीच हाय. पन पयले पूल दे." बरोबर बी हाय! पोहरादेवीच्या यात्रेचे दिवस, घरोघरी पाव्हने, मानसं काय नालीत उतरून जातीन? तवा यात्रा सरोस्तोर थांबनं आलं. यात्रा सरली. मंग सिमेंटच्या नळ्या आनल्या, मिस्त्री लावला, अन् तुमाले सांगते, माह्या घरी मांडव टाकाले जागा नाई, हळदीले तीन दिवस राह्यले, अन् वधूपिता कुठी हाय? रामसिंगच्या घरापुढं नाली बांधून राह्यला! मी फोनवर म्हनलं, झाला ना पूल, आना आता चेन. त म्हनते, "नाई वं, सिमेंट कच्चं हाय. पंधरा दिवस पानी मारा लागते. मंग पक्की भेटून जाईन."

भेटून जाईन म्हने! लगन चार दिवसावर अन् चेन पंधरा दिवसावर! मी त्या दिवसी रडली. खरंच रडली, त्या डोझरच्या ब्लेडवर बसून, कारन आंगनात बसाले दुसरी जागाच नव्हती.

मांडववाला आला, प्रज्वल. नव्या दमाचं पोरगं, कानात तार. त्यानं डोझरले चारी बाजूनं फेरा मारला, म्हने, "काकू, हालत नाई ना? मंग डेकोरेशनमंदी घेऊन टाकू." घेऊन टाकू! डोझरच्या वरून मांडव टाकला. बुढ्याच्या आंगात आलं, त्यानं नवा पिवळा पेंट मारला, "इवाई येतीन, मशीन मळकी दिसली नाई पायजे." मी बी, सवय हो, हात राह्यला नाई, हळद-कुंकू लावलं, स्वस्तिकाचा सातिया काढला. प्रज्वलनं झेंडूच्या माळा सोडल्या, लायटिंग फिरवली, अन् थर्माकोलचं पान, त्याच्यावर ऋषिकेश अन् राखीचं नाव, ते लावाले रुंद जागा पायजे म्हनून लावलं कुठी? ब्लेडवर!

आता आपल्या इकडची रीत तुमाले माईतच हाय, पोरीचं आंदन मांडवात मांडून ठेवतात, चार लोकाईनं पाह्यलं पायजे. पलंग, गादी, कपाट, कूलर, भांडे. मांडवात मोकळी जागा कुठी? डोझरच्या बाजूले. मंग सारं तठीच रांगेनं मांडलं. मले त्यात काई वाटलं नाई, खरं सांगते, मले तवा भाजीत मीठ पडलं का नाई हेच वाटून राह्यलं होतं.

लगन लागलं. अक्षता पडल्या. मंग माइकवर आहेर पुकारनारा उठला, आमच्याच गावचा, आवाज असा का चार गावं ऐकून घेतीन, अन् चष्मा घरी ठेवून आलेला. "वधूपिता उकंडराव यांच्याकडून कन्येस प्रेमाची भेट! सागवानी पलंग! गादी! कपाट! कूलर! स्टीलच्या भांड्यांचा संच! आनि..." थांबला. वर पाह्यलं. ब्लेडवरचं राखीचं नाव वाचलं. गळा साफ केला. "आनि... एक बुलडोझर!"

माय वं माय! टाळ्या! शिट्ट्या! बँडवाल्यानं वाजवाले सुरुवात केली! माह्या हातातली वाटी पडली. अन् इवाई, राखीचा सासरा, आतापर्यंत बिचारा गुपचाप एका कोपऱ्यात बसला होता, तो उठला, धावत आला, बुढ्याले मिठी मारली अन् रडते हो! "इवाई! मी त पोरगी अन् नारळ मागतला होता! हे काय केलं तुमी?" मी बुढ्याच्या पाठीत बोट खुपसलं, बोला ना! सांगा ना, ते डेकोरेशन हाय! बुढ्यानं तोंड उघडलं. उघडलं होतं, मी पाह्यलं. पन तेवढ्यात इवाईनं डोझरवर थाप मारली, अन् म्हने, "काय मशीन हाय! अशी मशीन आता कोनी बनवते का? वाघ हाय वाघ!"

बावीस वर्सात त्या मशीनले कोनी वाघ म्हनलं नव्हतं. मी त रोज मुडदा म्हनत होती. बुढ्याची छाती अशी फुगली, डोळे भरले, अन् म्हने, "तुमचीच समजा!"

तुमचीच समजा! इच्चिन, पोरगी देताना एवढं पटकन नव्हता बोलला हा मानूस! मंग बिदाई झाली. राखी माह्या गळ्यात पडून अशी रडली का मी साऱ्या गोष्टी इसरली. अन् बुढा डोझरले टेकून रडे. पोरीसाठी रडे का डोझरसाठी, मी इचारलं नाई. इचारावं वाटलंबी नाई.

मंग घर असं सुनं झालं बाप्पा. सकाळी उठलं का मी दोन कप चहा जास्तीचा मांडे, अन् पुन्हा ओतून टाके. आंगनात मांडव नाई, पोरगी नाई, डोझर मात्र जाग्यावर.

आता आंदन दिलं त न्यावं लागते. पंधरा दिवसानं इवाई आले डोझर न्याले, ट्रेलर घिऊन. पन चेन नाई त ट्रेलरवर चढन कसा? मी रामसिंगच्या चेनचं इचारलं, त बुढा म्हने, "त्याचं सिमेंट फुटलं वं, पूल अजून चेनवरच हाय." इवाई म्हने, "काई हरकत नाई, दोघं मिळून शोधू." त्याईलेबी नाद लागला! तवापासून दर ऐतवारी इवाई येतात, दोघं बुढे मोटरसायकलवर बसून कोनाकोनाच्या दुकानात जातात, सांजच्याले हात काळे करून वापस येतात. अन् इवाई आले त साधं जेवन चालते का? पुरनपोळी, कढी, वडे. कंबरडं मोडलं माहं! पन इवाई एकटे येत नाईत. त्याईले जीपमंदी एकटं बसाले करमत नाई, म्हनून ऋषिकेश येते, अन् ऋषिकेश येते त राखी येते. बाकी पोरींचे मायबाप वाट पाहातात, दिवाळीले येईन, पंचमीले येईन. माही पोरगी दर ऐतवारी येते, माह्या चुलीपुढं बसते, "आई, काय केलं वं आज?" म्हनते, अन् शिजत्या पुरनातच बोट घालते.

त काल, ऐतवारच होता, मी गायीले कुटार काढाले गेली गोठ्यात. ढिगात टोपलं खुपसलं त खण्ण! हात घातला. थंड लोखंड! कुटार बाजूले सारलं, त रामसिंगची चेन! दोन कड्या नाई, अख्खी चेन, ग्रीस लावून, बारदान्यात गुंडाळून! मी बोंबलली, हे कवा आनलं? बुढा धावत आला, "हळू बोल वं, हळू! तीन हप्ते झाले, तू बजारले गेली तवा त्या सहा गड्याईकडून आनली. चेन भेटली म्हनलं त नेतीन ना तो डोझर!" मी म्हनलं, लाज नाई वाटत, पोरीचं आंदन लपवता? तेवढ्यात गल्लीत जीपचा हॉर्न वाजला. राखी उतरली, तठूनच "आई!" करत धावत आली. अन् फाटकातून इवाईनं हाक मारली, "इहीनबाई, लागला का मंग चेनचा पत्ता?" मी बुढ्याकडं पाह्यलं. बुढा जमिनीकडं पाहून राह्यला. मंग त्यानं हळूच मान वर केली अन् म्हने, "इवाई, चिंता नका करू, भेटून जाईन!"

काय करतं बाप्पा? मी म्हनलं, पोरी, पाय धुवून घे, मी आलीच. अन् त्या चेनवर कुटाराचे आखीन दोन टोपले टाकून दिले.